करार त्यांचा, भुर्दंड आपला

आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या हाडांच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या काउंटरवर पाटी लावली: ‘येथे कॅशलेस सुविधा बंद आहे. बिल रुग्णाने भरून नंतर कंपनीकडून घ्यावे.’ दोन दिवसांत त्या पाटीचा फोटो चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत मोबाइलवर फिरला आणि त्याच्यामागून ठरलेली भांडणं निघाली. एक गट म्हणतो डॉक्टर माजलेत, दुसरा म्हणतो विमा कंपन्या दरोडेखोर आहेत. दोघांकडेही खऱ्या उदाहरणांचा तोटा नाही, त्यामुळे वाद संपतही नाही आणि पुढेही सरकत नाही. ज्या बाईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर आलंय तिने काय करायचं, हा प्रश्न फारसा कुणाला पडलेला दिसला नाही. एकाला पडला, त्याने लिहिलं, ‘दुसरा डॉक्टर बघा.’ पुण्यात हा सल्ला झाला. गुहागरच्या माणसाला त्याचा अर्थ कुंभार्ली घाट चढा, असा होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विमा कंपनीशी करार ठेवायचा की मोडायचा हा डॉक्टरांचा हक्क आहे, आणि तो त्यांनी वापरला म्हणून त्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण त्या करारावर ज्याची सही नाही त्याने मोडतोडीचा खर्च का भरायचा? अर्धवट उपचार जुन्याच अटींवर पुरे करणं हे डॉक्टरांचं काम, आणि जिथे जवळपास दुसरा तज्ज्ञच नाही तिथे नेटवर्कबाहेरचं, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलचं बिलही नेटवर्कमधल्यासारखं फेडणं हे कंपनीचं काम. एवढ्या दोन गोष्टींसाठी भांडायला हवं. आपण भांडतोय ते चारित्र्याच्या दाखल्यांवरून.

‘अमुक डॉक्टर विमा घेत नाहीत’ असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय बंद झालेलं असतं? बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च देतात. तपासणीची फी आणि महिन्याच्या गोळ्या आपण काल खिशातून भरत होतो, आजही भरतोय. शिवाय करार सहसा हॉस्पिटलचा असतो, डॉक्टरांचा नव्हे. आपल्याकडे तर कित्येक तज्ज्ञ कोल्हापूर-मुंबईहून ठराविक वारी येतात आणि दोन-तीन हॉस्पिटलांत ऑपरेशनं करतात. तेव्हा एका काउंटरवर कॅशलेस बंद झालं म्हणजे त्या डॉक्टरांच्या हातून कॅशलेस ऑपरेशन होणारच नाही, असं नाही. तीच शस्त्रक्रिया ते दुसऱ्या कुठल्या नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात करतील का, हे सरळ विचारावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॉलिसी मेलेली नसते. नोंदणीकृत हॉस्पिटल असेल तर बिल आपण भरायचं आणि क्लेम करून पैसे परत मागायचे, हा हक्क शाबूत असतो. घाबरून ऑपरेशन रद्द करणारे लोक मी पाहिलेत. ‘विमा चालत नाही म्हणाले’ एवढ्या वाक्यावर.

आता डॉक्टरांची बाजू. ती ऐकल्याशिवाय बोलणाऱ्याने एकदा तालुक्याच्या गावातलं वीसेक खाटांचं हॉस्पिटल चालवून बघावं. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवायचा, पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर, रात्री दोनला हायवेवरचा अपघात दारात. विमा कंपन्या मात्र शहराच्या आकारावरून दर लावतात; गाव लहान तर पॅकेज लहान. स्क्रू-प्लेट लहान गावाला स्वस्त मिळते का? ऑक्सिजन मिळतो का? दर एकदा ठरले की वर्षानुवर्षं हलत नाहीत. सरकारही यात मागे नाही: केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या दरांची मोठी फेररचना २०१४ नंतर झाली ती थेट २०२५ च्या ऑक्टोबरात. माजी सैनिकांच्या योजनेची बिलं किती काळ तुंबतात ते आपल्याकडच्या हॉस्पिटलवाल्यांना विचारा; कोकणात घरटी एक फौजी असलेली गावं आहेत. वर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या क्वेऱ्या. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी फाइल अपलोड करायची, चारला क्वेरी येणार, तिचं उत्तर दिलं की साडेसहाला दुसरी, आणि शेवटी मंजूर रकमेतून हातमोजे, कापूस, ड्रेसिंगचं सामान अशी कपात. हे सगळं सांभाळायला एक माणूस पगारी ठेवावा लागतो. अशा व्यवहारातून एखादा डॉक्टर बाहेर पडला तर मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. इतके जण अजून आत कसे, याचं वाटतं.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. ‘मेडिक्लेम आहे का?’ हा प्रश्न काउंटरवर नाव विचारण्याआधी येतो आणि त्याच्या उत्तरावर बिलाचा आकडा ठरतो, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? तापाला तीन दिवस अ‍ॅडमिट, कारण अ‍ॅडमिट झाल्याशिवाय क्लेम नाही. या प्रकारात रुग्णही सामील असतो, ‘कंपनीचेच पैसे आहेत ना’ म्हणत. ते पैसे पुढच्या वर्षी हप्त्यात आपल्याच बोकांडी बसतात. दर बांधून घेतल्याशिवाय कंपनीने काय करायचं?

हे दुखणं नवं नाही. सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं १९८६ मध्ये. तेव्हा सगळा कारभार ‘आधी भरा, मग मागा’ असाच होता. २००१ मध्ये टीपीएंचे नियम आले आणि कॅशलेसची सवय लागली. १ जुलै २०१० पासून याच चार सरकारी कंपन्यांनी मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतल्या बड्या हॉस्पिटलांचं कॅशलेस थांबवलं, कारण त्यांच्या मते बिलं फुगत होती. त्यातून ठरलेल्या दरांच्या हॉस्पिटलांची वेगळी यादी निघाली. तेव्हा हात कंपन्यांनी आखडला होता. २०२५ च्या ऑगस्टात खासगी रुग्णालयांच्या संघटनेने उत्तर भारतातल्या सदस्यांना एका बड्या कंपनीचं कॅशलेस १ सप्टेंबरपासून बंद करायला सांगितलं. मग बोलणी झाली आणि प्रकरण निवळलं. दोन्ही वेळा दोन्ही पक्षांकडे वकील होते, हिशेबनीस होते, पत्रकार परिषदा होत्या. मधल्या दिवसांत ज्याचं बायपास ठरलं होतं त्याच्याकडे काय होतं?

कोकणाला या त्रांगड्याची ओळख जुनी आहे. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरणारा वतनदार. त्याचा व्यवहार सरकारशी, आणि मळा कसणाऱ्या कुळाने भरायचं ते खोत मागेल तेवढं. त्या हिशेबात कुळाला विचारायची पद्धतच नव्हती. टीपीएला आजचा खोत म्हणायचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण मुद्दा माणसांचा नाही. खोतांत भले होते, बुरेही होते, आणि ‘आमचे खोत देवमाणूस’ असं सांगणारी कुळंही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते कोणता खोत सज्जन याची यादी करायला नव्हे. तिसऱ्याच्या डोक्यावर दोघांनी हिशेब मिटवायचा ही रचनाच चुकीची, असं ते म्हणणं होतं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आज डॉक्टर देव की राक्षस, कंपनी चोर की साव, हा वाद घालणारे त्याच जुन्या वाटेने चाललेत.

अलिबागजवळच्या चरीचा संपही इथे आठवतो. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही. तो बहिष्कारच होता, पण उपाशी राहिले ते संप करणारे. कॅशलेस बंद करण्यालाही काही डॉक्टर मित्र बहिष्कार म्हणतात, ‘कंपन्यांना वठणीवर आणायचा हाच उपाय’ असं सांगतात. असेलही. पण या बहिष्कारात कंपनीचं त्या महिन्यात काय जातं? उलट तिला पैसे उशिरा द्यावे लागतात, आणि काही क्लेम तर येतच नाहीत. डॉक्टरांना रोख मिळते. सोसतो तो पेशंट. दुसऱ्याच्या पोटावर केलेल्या उपोषणाला मी सत्याग्रह म्हणायला तयार नाही.

‘पण आम्ही सगळ्यांना बांधील नाही’ असं डॉक्टर म्हणतील, आणि ते बरोबर आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलंय की कोणाला सेवा द्यायची हे निवडायला डॉक्टर मोकळा आहे. लोक तिथेच थांबतात. त्याच कलमात पुढे आहे की तातडीच्या वेळी त्याने धावून जावं, आणि एकदा केस हातात घेतली की रुग्णाकडे दुर्लक्ष करू नये. रुग्णाला व घरच्यांना पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय केस सोडूही नये. कॅशलेस थांबवणं म्हणजे केस सोडणं नव्हे, हा युक्तिवाद मला ऐकू येतोय. कागदावर तो टिकेल. पण ज्याच्याकडे एकरकमी दोन-अडीच लाख नाहीत, त्याला आदल्या आठवड्यात ‘रोख आणा’ म्हणणं आणि दार लावून घेणं यात त्याच्या दृष्टीने फरक काय?

परदेशातही डॉक्टर असेच अडून बसले होते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताने १ जुलै १९६२ ला सरकारी आरोग्य विमा सुरू केला आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तेवीस दिवस. तातडीची सेवा तेवढी काही ठरावीक हॉस्पिटलांत चालू ठेवली. शेवटी तडजोड झाली ती मोठी शहाणपणाची: ज्या डॉक्टरला योजनेबाहेर राहायचं त्याने खुशाल राहावं, पण त्याच्याकडे गेलेल्या रुग्णाला योजनेचे पैसे मिळालेच पाहिजेत. डॉक्टरांचं स्वातंत्र्य राहिलं आणि रुग्णाचा विमाही राहिला.

इथे हुशार वाचक मला पकडेल. ‘मग तेच तर आपल्याकडे आहे! भरा आणि परत घ्या. तक्रार कसली?’ हा सगळ्यात तगडा आक्षेप आहे, म्हणून जरा थांबून बघू. कोकणातल्या घरात पैसा बारमाही वाहत नाही. बागायतदाराचा हात एप्रिल-मेमध्ये ओला, तोही मोहोर टिकला तर. मच्छीमाराच्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै बंदीत किनाऱ्याला. जुलैत घसरून खुबा मोडला तर लाख-दीड लाखाचं डिपॉझिट येणार कुठून? पतपेढीतून किंवा बायकोच्या पाटल्या तारण ठेवून. क्लेम महिन्या-दोन महिन्यांनी पास होतो, ‘त्या भागातला वाजवी दर’ एवढाच गृहीत धरून कपात होते, आणि कर्जाचं व्याज कंपनी देत नाही. हातात खेळता पैसा असलेल्याला ही गैरसोय वाटेल. नसलेल्याच्या लेखी हप्ता भरूनही विमा नसल्यासारखंच.

त्याहून बिकट उदाहरण डायलिसिसचं. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास, जन्मभर. लांज्याचा माणूस एसटीने रत्नागिरीला येतो, सुया टोचून घेतो, गळून गेलेला संध्याकाळी परततो. त्या युनिटचा एका कंपनीशी करार तुटला तर त्याने दर खेपेला पैसे भरायचे, प्रत्येक खेपेची बिलं, रिपोर्ट, डॉक्टरांची सही गोळा करायची आणि कुरिअर करायचं. नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर, आठवड्यातून तीनदा, पावसात. मुंबई-गोवा हायवेबद्दल तर बोलायलाच नको. जिल्हा रुग्णालयात डायलिसिस आहे, पण तिथे पाळी लागावी लागते. या माणसाला ‘बाजारात स्पर्धा आहे, दुसरीकडे जा’ असं कोण सांगणार?

सिंधुदुर्गवाल्यांनी हे एकदा भोगलंय. २०१८ च्या जानेवारीत बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. गोव्याने आपल्या करदात्यांचा विचार केला, यात गैर काही नव्हतं. पण दोडामार्ग-सावंतवाडीचा माणूस वर्षानुवर्षं तिथेच जात होता, कारण त्याला दुसरं जवळचं काही नव्हतंच. लोक रस्त्यावर उतरले, दोन राज्यांना बोलावं लागलं. त्या वेळी ‘गोव्याला तसा हक्क आहे’ म्हणून कोणी गप्प बसलं नाही. हक्क मान्य, पण चालू उपचाराचं काय, हाच प्रश्न तेव्हाही होता.

म्हणून मागणी नेमकी हवी. अमेरिकेची आरोग्य व्यवस्था आदर्श मानायचं काही कारण नाही, पण १ जानेवारी २०२२ पासून तिथे एक कायदा लागू आहे. डॉक्टर आणि विमा कंपनीचा करार तुटला तर गरोदर बाई, गंभीर आजारी, किंवा ज्याची टाळता न येणारी शस्त्रक्रिया आधीच ठरलीय अशा रुग्णाला नव्वद दिवसांपर्यंत जुन्याच अटींवर त्याच डॉक्टरांकडे उपचार घेता येतात. कंपनीला त्याला तसं कळवावंही लागतं. आपल्याकडे तज्ज्ञ विरळ आणि अंतरं अवघड. आपल्याला हे त्यांच्याहून जास्त लागतं. त्याला जोडून दुसरी अट: पॉलिसीधारकाच्या पत्त्यापासून ठरावीक अंतरात त्या विषयाचं नेटवर्कमधलं हॉस्पिटल नसेल तर कंपनीने तिथे उपलब्ध असलेल्या हॉस्पिटलाशी त्या एका रुग्णापुरता व्यवहार करावा. हप्ता घेताना कोकणातला पिनकोड चालतो, मग यादीत कोकण का नसतं?

‘हे झालंच आहे की’ असंही कोणी म्हणेल. जानेवारी २०२४ मध्ये सामान्य विमा कंपन्यांच्या परिषदेने ‘सर्वत्र कॅशलेस’ जाहीर केलं: नेटवर्कबाहेरचं हॉस्पिटलही चालेल, ठरलेल्या ऑपरेशनला किमान ४८ तास आधी कळवा, तातडीचं असेल तर दाखल झाल्यावर ४८ तासांत. त्याच वर्षी मे महिन्यात विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं की कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या. उशीर झाला तर वाढीव खर्च तुमचा. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण पहिलीला हॉस्पिटलची संमती लागते, आणि ज्याने पाटी लावलीय तो कशी देईल? तरी विचारावं. एकेका रुग्णापुरतं ‘हो’ म्हणणारे डॉक्टर असतात, विशेषतः जुना पेशंट असेल तर. कंपनीला ईमेल, हॉस्पिटलला अर्ज, दोन्ही लेखी.

तोवर ज्याच्या घरात आज ही वेळ आलीय त्याने कागद सांभाळावेत, आणि अगदी खडूसपणे. दाखल होण्याआधी कंपनीला कळवायचं आणि त्या नोंदीचा नंबर घ्यायचा. हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आधीच मागून ठेवायची. नेटवर्कबाहेरच्या क्लेममध्ये कंपनी ती हटकून मागते आणि डिस्चार्जनंतर तिच्यासाठी पुन्हा खेप पडते. बिल तपशीलवार हवं, एका ओळीतलं नको. गुडघ्याच्या सांध्याचं किंवा हृदयातल्या स्टेंटचं जे स्टिकर येतं ते फाइलला चिकटलेलं आहे ना हे डोळ्यांनी बघायचं. हे नखाएवढं चिटोरं नसल्याने मोठे क्लेम अडकतात. औषधांच्या प्रत्येक पावतीला चिठ्ठी जोडायची. सगळ्याची झेरॉक्स घरी. कपात अन्यायाची वाटली तर आधी कंपनीकडे तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पन्नास लाखांपर्यंतचा वाद तिथे चालतो, फी नाही, वकील लागत नाही. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का, तेही बघून घ्यावं. २०२४ पासून ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही.

आणि रागाच्या भरात पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेऊ नये. नेता येते, मुदत संपण्याच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करून, आणि जुन्या आजारांसाठी आधीच्या वर्षांत काढलेला प्रतीक्षाकाळही मोजून मिळतो. पण नवी कंपनी मधुमेह-रक्तदाब बघून नाही म्हणू शकते, आणि ज्या हॉस्पिटलसाठी गेलात ते पुढच्या वर्षी तिच्याशीही फारकत घेईल.

आपल्याकडे एक वेगळीच गंमत आहे. गावातल्या कित्येक म्हाताऱ्यांचं मेडिक्लेम मुलाच्या मुंबईतल्या कंपनीचं असतं. पॉलिसी अंधेरीची, दुखणं राजापूरचं. यादीत ठाणे-मुंबईची दोनशे हॉस्पिटलं आणि रत्नागिरी जिल्ह्यातली चार. या सामूहिक पॉलिसीचं दर वर्षी नूतनीकरण होतं, तेव्हा कंपनीचा एचआर विमावाल्यांशी दर आणि यादी यांवर घासाघीस करतो. त्या टेबलावर तरी चाकरमान्याचा आवाज पोहोचू शकतो. एकट्या म्हाताऱ्याचा कुठेच नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखो रुपये उभे करणारी, शाळेला पत्रे घालणारी आमची ग्रामस्थ मंडळं मुंबईत गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या सभासदांनी आपापल्या एचआरला नूतनीकरणाच्या आधी एवढंच लिहावं: आईवडील अमुक तालुक्यात राहतात, तिथून जवळचं नेटवर्कमधलं हाडांचं, हृदयाचं आणि किडनीचं हॉस्पिटल कोणतं ते लेखी कळवा, नसेल तर तिथल्या बिलाचं काय करणार तेही लिहा.